मुरूम आणि आहार: काय सोडून बघायचं, काय खात राहायचं आणि फरक पडला हे कसं ओळखायचं

चेहऱ्यावर मुरूम दिसले की आजूबाजूचे सगळे आपल्या ताटाकडे बोट दाखवतात. एक म्हणतो तेलकट बंद कर, दुसरा म्हणतो दूध सोड, तिसऱ्याच्या मते पाणी कमी पडतंय. डॉक्टरांकडे जावं तर काही जण सांगतात की खाण्याचा मुरुमांशी संबंधच नाही. मी या सगळ्या सल्ल्यांमधून गेले आहे, औषधंही घेतली आहेत. आज आरशात बघून ज्यांनी एकदम अर्धं जेवण बंद करायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माझं मत सांगते, म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल. आहारातल्या दोनच गोष्टी तपासून बघण्याइतका पुरावा आज आहे: रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं, आणि दूध (दुधातल्या व्हे या प्रथिनाची पावडर धरून). या दोन्ही एका वेळी एक अशा तपासा, पुरेसा वेळ द्या. फरक पडला तर बदल ठेवा, नाही पडला तर सोडलेला पदार्थ परत खायला लागा. आणि हे सगळं उपचारांच्या जोडीने करा, उपचार थांबवून नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मुरुमांसाठी एखादा ठरावीक आहार सुचवण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं आहे. म्हणून आहारावर सगळा भार टाकू नका. पण तुमच्या बाबतीत त्याचा वाटा किती, हे तुम्ही घरीच बऱ्यापैकी शोधू शकता.

१. मुरूम कसा तयार होतो ते आधी समजून घ्या

हे वगळून पुढे जाऊ नका. सल्ल्यांमधला खरा-खोटा भाग यावरूनच ओळखता येतो.

केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. ती सीबम नावाचं तेल बनवते. वयात येताना मुलांमध्ये आणि मुलींमध्येही अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त पाझरतं. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि तोंड बंद करतात. आत साठलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू फोफावतात. शरीर त्यांच्याविरुद्ध उभं राहतं, दाह होतो, आणि आपल्याला लाल, दुखरा फोड दिसतो. दाह होण्याआधीची अवस्था म्हणजे ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्स.

यात अन्न कुठे येतं? इन्सुलिनच्या वाटेने. साखर किंवा पटकन पचणारं पिष्ट खाल्लं की इन्सुलिन उसळतं. इन्सुलिन सतत चढं राहिलं की आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाला बांधून ठेवणारी काही प्रथिनं कमी होतात आणि मोकळं आयजीएफ-१ वाढतं. अँड्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिनही कमी होतं, म्हणून मोकळं अँड्रोजेन वाढतं. हे दोन्ही तैलग्रंथीला एकच निरोप देतात: अजून तेल बनव. छिद्रातल्या पेशींची वाढही याच निरोपाने जोर धरते.

एवढं कळलं की दोन गैरसमज आपोआप गळून पडतात. खाल्लेलं तेल त्वचेतून बाहेर येत नाही. सीबम ग्रंथीतच तयार होतं. आणि कालच्या पार्टीतल्या केकमुळे आज सकाळी फोड आला, असंही सहसा होत नाही. छिद्र बंद व्हायला लागल्यापासून फोड डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आज जे वर आलंय त्याची सुरुवात बहुधा मागच्या महिन्यात किंवा त्याही आधी झालेली असते. आदल्या दिवशीच्या ताटात गुन्हेगार शोधणं हा या विषयातला सगळ्यात मोठा सापळा आहे, आणि लोक त्यात वर्षानुवर्षं अडकून राहतात.

आनुवंशिकतेचा वाटा तर फार मोठा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात, मुरुमांच्या प्रमाणात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे ८१ टक्के फरक जनुकांमुळे असल्याचं आढळलं. रोज गोड खाणाऱ्या मैत्रिणीचा चेहरा नितळ आणि तुमच्या चेहऱ्यावर गाठी, यात तुमचा काहीही दोष नाही. हे वाक्य मला पंधराव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं.

२. एवढं साहित्य जवळ ठेवा

- एक वही, किंवा फोनमधली नोंदींची सोय
- फोनचा कॅमेरा, त्यातला चेहरा गुळगुळीत करणारा मोड पूर्ण बंद करून
- सध्या लावत असलेल्या क्रीम-जेलची आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. जीवनसत्त्वं, प्रोटीन पावडर, केसांसाठीच्या गोळ्या हेही त्यात आलं
- पूर्वीचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर ते
- पाळी येत असेल तर तिच्या तारखा
- घरातल्या पाकीटबंद पदार्थांची लेबलं (फोटो काढून ठेवले तरी चालतील)

महागडं ॲप, ॲलर्जीच्या तपासण्यांचं पॅकेज, केसांवरून किंवा रक्ताच्या थेंबावरून 'कोणतं अन्न मानवत नाही' सांगणारी चाचणी यातलं काहीही लागत नाही. मुरूम ही ॲलर्जी नाही.

३. पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका

उत्साहाच्या भरात हीच पायरी गाळली जाते. पण सुरुवात कुठून झाली हे माहीत नसेल, तर पुढे काय कमी झालं ते कसं कळणार?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खिडकीशी उभं राहून तीन फोटो घ्या: समोरून, डावीकडून, उजवीकडून. चेहरा धुऊन अर्धा तास झालेला असावा. मग मोजा. ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स वेगळे, लाल फोड वेगळे, खोल दुखऱ्या गाठी वेगळ्या. फोड बरा झाल्यावर मागे राहणारे काळपट डाग मोजायचे नाहीत. ते जायला महिनोन्‌महिने लागतात. डाग धरून मोजलं तर चांगला चाललेला प्रयोगही फसल्यासारखा वाटतो.

खाण्याची नोंद साधी ठेवा. ग्रॅम मोजू नका, कॅलरी लिहू नका. दिवसाला चारच गोष्टी लिहा: गोड पेय किंवा मिठाई किती वेळा, मैद्याचं किती वेळा, दूध किती पेले, प्रोटीन पावडर घेतली का. झोप आणि ताण यांबद्दल एकेक शब्द. पाळीचा कितवा दिवस तेही लिहा, कारण अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरूम वाढतात. पाळीआधीच्या फोटोची तुलना पाळीनंतरच्या फोटोशी केलीत तर उत्तर चुकणारच.

४. पहिला प्रयोग: साखर आणि झटपट पचणारं पिष्ट

सुरुवात इथूनच करा. पुरावा सगळ्यात जास्त याच बाजूने आहे, आणि मुरूम नाही गेले तरी या बदलाने तब्येतीचं नुकसान होत नाही.

पुरावा म्हणजे काय, तेही बघू. २००७ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाला जास्त प्रथिनं आणि हळू पचणारं पिष्ट दिलं, दुसऱ्याला नेहमीसारखं खाऊ दिलं. पहिल्या गटात मुरुमांची संख्या सरासरी २३.५ ने घटली, दुसऱ्यात १२ ने. २०१२ मध्ये कोरियात ३२ जणांवर १० आठवड्यांचा असाच प्रयोग झाला आणि त्वचेचा नमुना तपासल्यावर तैलग्रंथींचा आकारही लहान झालेला दिसला. आता दुसरी बाजू. मेलबर्नच्या प्रयोगात पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे फायदा आहाराचा की वजनाचा हे पूर्ण वेगळं करता येत नाही. शिवाय २०१० च्या एका अभ्यासात ८ आठवड्यांनंतर दोन गटांत ठोस फरक आढळला नाही. आणि ज्यांचे मुरूम नेहमीचंच खाऊन १२ ने घटले, त्यांच्याकडेही नीट बघा. मुरूम आपसूकही कमी-जास्त होतात. म्हणून दोन आठवड्यांत 'फरक पडला' म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

आता दोन संकल्पना. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो त्याचा अंक. ग्लुकोजला १०० धरतात. १९८१ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली. ५५ किंवा कमी म्हणजे कमी, ७० किंवा जास्त म्हणजे जास्त. पण नुसत्या या अंकामागे धावलात तर फसाल, कारण त्यात तुम्ही किती खाल्लं हे येत नाही. ते ग्लायसेमिक लोडमध्ये येतं: इंडेक्स गुणिले त्या वाढपातली कर्बोदकं (साखर आणि पिष्ट मिळून) ग्रॅममध्ये, भागिले १००. उत्तर १० किंवा कमी आलं तर कमी, २० किंवा जास्त आलं तर जास्त.

कलिंगडाचा इंडेक्स सत्तरीच्या पुढे सांगतात म्हणून लोक घाबरून ते सोडतात. पण एका वाढपात कर्बोदकं जेमतेम ६ ग्रॅम असतात, लोड येतो चार-साडेचार. उलट दीड वाटी पांढऱ्या भातात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं धरली आणि इंडेक्स ७० मानला, तर लोड २८. म्हणजे कलिंगड खात राहा, भाताचं प्रमाण बघा आणि त्याच्यासोबत डाळ-भाजी वाढवा. एवढं कळलं की तक्ते पाठ करायची गरज उरत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं, महत्त्वाच्या क्रमाने:

गोड पेयं पूर्ण बंद. शीतपेय, पाकिटातला फळांचा रस, साखर घातलेली थंड कॉफी, एनर्जी ड्रिंक. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि ती प्यायलेली असल्यामुळे पोटही भरत नाही. फार कष्ट न करता एकच बदल करायचा असेल, तर हाच करा. चहा-कॉफीतली साखर आठवड्याला थोडी थोडी उतरवत न्या.

मैदा आणि न्याहारीची गोड सिरियल्स बदला. त्याजागी अख्खं धान्य, जाडसर ओट्स, कडधान्यं, अंडी. पाकिटावरच्या 'मल्टीग्रेन' या शब्दाला भुलू नका; घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते वाचा. यादीतला क्रम वजनाप्रमाणे असतो. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप ही सगळी साखरेच्याच घरातली मंडळी आहेत.

पिष्ट एकटं खाऊ नका. भात, ब्रेड, बटाटा यांच्यासोबत प्रथिनं, भाजी, थोडं स्निग्ध आलं की साखर हळू चढते. रसाऐवजी अख्खं फळ खाण्यामागेही हेच कारण.

मध आणि गूळ हेही या हिशेबात साखरच आहेत. 'नैसर्गिक' आहेत म्हणून इन्सुलिन त्यांना सूट देत नाही. साखर बंद करून तेवढाच मध घालणाऱ्यांनी प्रयोग सुरूच केलेला नसतो.

भूक मारू नका. ताटातली एक गोष्ट काढली तर दुसरी वाढा. जेवण टाळलं की संध्याकाळी हात बिस्किटांकडेच जातो.

५. दुसरा प्रयोग: दूध आणि व्हे प्रोटीन

पहिल्या प्रयोगाचे १२ आठवडे पूर्ण झाल्यावरच याकडे या. दोन्ही एकदम सुरू केले आणि चेहरा सुधारला, तर कशामुळे हे कधीच कळणार नाही आणि तुम्ही विनाकारण आयुष्यभर दूध सोडून बसाल.

दुधाचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी आहे, तरी ते इन्सुलिन चांगलंच वाढवतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. त्यातलं व्हे इन्सुलिन विशेष वाढवतं, आणि दूध पिण्याने आयजीएफ-१ वाढतं असंही दिसलं आहे. वासराला झपाट्याने वाढवण्यासाठीच हे पेय बनलं आहे, तेव्हा त्यात वाढीचे निरोप असणं स्वाभाविक आहे.

२००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७,३५५ परिचारिकांना त्यांच्या शाळकरी वयातला आहार आठवायला सांगितला होता. जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये तीव्र मुरूम जास्त होते, आणि साय काढलेल्या दुधाशी संबंध अधिक ठळक होता. २०१८ मध्ये ७८,५२९ मुलं आणि तरुणांची माहिती एकत्र तपासली गेली. तिथेही दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांमध्ये मुरुमांची शक्यता काहीशी जास्त निघाली. पण हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. दोन गट करून एकाचं दूध बंद केलं आणि निकाल पाहिला, अशा प्रयोगांचा इथे फार तुटवडा आहे. म्हणून दूध मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. 'मुरूम आहेत ना, मग दूध बंद' असा सरसकट सल्ला मला, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत, पटत नाही.

करायचं असं:

व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी आधी फक्त व्हे पावडर थांबवा, दूध चालू ठेवा. व्हे सुरू केल्यावर छाती-पाठीवर आणि चेहऱ्यावर मुरूम उसळल्याची उदाहरणं डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली आहेत. प्रथिनं डाळी, कडधान्यं, सोयाबीन, अंडी, मासे यांतून भरून काढा, किंवा वाटाणा-सोयाची पावडर घ्या. पाठीवर अचानक गाठी आल्या असतील आणि पावडर नावाजलेली नसेल, तर तिच्यात काय आहे याची शंका घ्या. स्नायू वाढवणारी स्टिरॉइड्स जोरदार मुरूम आणतात.

व्हे घेत नसाल तर प्यायचं दूध बंद करा. चहातलं थोडंसं दूध मोजू नका, पेलाभर दूध, मिल्कशेक, दूध पावडर घातलेली पेयं बंद करा. दही आणि चीजबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. सुरुवातीला ते चालू ठेवले तर प्रयोग जास्त दिवस निभावतो. साय काढलेलं दूध 'हलकं' समजून त्याकडे वळू नका, इथे त्याने काही साधत नाही. पर्यायी दूध घेतलंत तर बिनसाखरेचं घ्या. तांदळाच्या दुधातलं पिष्ट पटकन पचतं, ते टाळा.

आणि हे फार महत्त्वाचं: २५० मिलिलिटर दुधातून अंदाजे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ती काढून घेताना त्याजागी काय देणार हे आधी ठरवा. कॅल्शियम घातलेलं सोया दूध, तीळ, हिरव्या पालेभाज्या, कॅल्शियमने घट्ट केलेलं टोफू. पालकातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही, त्यावर विसंबू नका. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्यांसाठी दूध-दही हाच बी-१२ चा मुख्य स्रोत असतो; त्यांनी तो पूर्ण बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मूल १८ वर्षांखालचं असेल तर हा प्रयोग पालक आणि डॉक्टर दोघांना विचारूनच.

६. यांच्या मागे लागू नका

चॉकलेट. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेटची वडी आणि चॉकलेट नसलेली वडी देऊन तुलना केली, फरक दिसला नाही, आणि 'आहाराचा संबंध नाही' हे वाक्य पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांच्या तोंडी राहिलं. पण तुलनेच्या वडीतही साखर आणि स्निग्ध भरपूर होतं, म्हणजे त्या प्रयोगाने आहाराला निर्दोष ठरवलंच नव्हतं. नंतरच्या काही छोट्या अभ्यासांत चॉकलेटने मुरूम वाढलेले दिसले. साखर कमी करताना गोड चॉकलेट आपोआप कमी होतंच, वेगळी मोहीम नको.

तळलेलं. त्याचा त्वचेवर थेट परिणाम नक्की सांगता येत नाही. मात्र दिवसभर कढईसमोर उभं राहणाऱ्यांच्या त्वचेवर तेल बसून छिद्रं बंद होऊ शकतात, तो वेगळा मुद्दा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. जास्तीचं पाणी छिद्रं उघडत नाही.

ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) बंद करणं, शरीर 'शुद्ध' करणारी पेयं, नुसत्या रसावर काढायचे दिवस: यांना मुरुमांसाठी आधार नाही. रसाचे दिवस तर चौथ्या पायरीच्या नेमके उलटे आहेत.

७. गोळ्या आणि पावडरी आधी तपासा

नवीन काही घेण्यापेक्षा सध्या घेत असलेलं तपासणं जास्त फायद्याचं ठरतं.

बी-१२ चे मोठे डोस काही जणांत मुरूम उठवतात. २०१५ च्या एका संशोधनात बी-१२ दिल्यावर त्वचेवरच्या क्युटिबॅक्टेरियमच्या कामकाजात बदल होतो आणि ते दाह वाढवणारी पॉर्फिरिन्स जास्त बनवू शकतात असं दिसलं. प्रौढाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम आहे आणि बाजारातल्या अनेक गोळ्यांत तिच्या शेकडो पट मात्रा असते. पण तुम्हाला बी-१२ ची कमतरता असेल, तर मुरुमांसाठी गोळी स्वतःहून थांबवू नका, कारण नसांचं नुकसान मुरुमांहून कितीतरी गंभीर असतं. मात्रा कमी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडिन फार असू शकतं, आणि जास्त आयोडिनने मुरुमांसारखे फोड येतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइड आणि संप्रेरकांच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे त्यामुळे चुकू शकतात. तपासणीआधी सांगायला विसरू नका.

घ्यायचंच असेल तर? झिंकचा थोडा उपयोग काही अभ्यासांत दिसतो, मात्र नेहमीच्या प्रतिजैविकांपेक्षा तो कमी पडतो. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त दीर्घकाळ घेतल्यास शरीरातलं तांबं कमी होतं. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं. ओमेगा-३ बद्दल छोटे, आशादायक अभ्यास आहेत. मासे चालत असतील तर आठवड्यातून दोनदा मासे खाणं मला गोळीपेक्षा सरळ वाटतं.

८. औषध चालू असेल तर जेवणाची वेळ सांभाळा

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किंवा त्याच गटातली गोळी मिळाली असेल तर ती दूध, कॅल्शियम, लोह, झिंक किंवा आम्लपित्ताच्या औषधासोबत घेऊ नका. ती खनिजांना चिकटते आणि अंगी लागत नाही. किती तासांचं अंतर ठेवायचं ते औषध देणाऱ्याला विचारून घ्या. गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. झोपताना घोटभर पाण्यावर गिळलेली गोळी फार त्रास देते.

तीव्र मुरुमांसाठी देतात त्या आयसोट्रेटिनॉइनचं उलट आहे. नेहमीच्या कॅप्सूल स्निग्ध असलेल्या जेवणासोबत घेतल्या तर कितीतरी जास्त शोषल्या जातात. रिकाम्या पोटी घेऊन 'औषध लागू पडत नाही' म्हणणारे बरेच असतात. या काळात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, कारण औषध त्याच कुळातलं आहे. रक्तातली चरबी वाढू शकते, म्हणून तपासण्या चुकवू नका आणि दारू टाळा. गरोदरपणात हे औषध गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतं. गर्भधारणा टाळण्याच्या सूचना अक्षरशः पाळा.

स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजेनचा परिणाम रोखणारी गोळी) घेणाऱ्यांनी पोटॅशियम असलेलं 'कमी सोडियमचं मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

९. बारा आठवड्यांनी निकाल लावा

पहिल्या आठवड्याचे आणि बाराव्या आठवड्याचे फोटो शेजारी ठेवा. शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी तारखा न सांगता दाखवा आणि कुठला बरा ते विचारा. आपली नजर आपल्याला हवं तेच बघते.

या काळात नवीन क्रीम सुरू केलं असेल, परीक्षा संपली असेल, तर निकाल कच्चा समजा.

लाल फोड साधारण तिसऱ्या हिश्शाने तरी घटले असतील, तर काढलेला पदार्थ महिनाभर परत खाऊन बघा. ही उलट तपासणी करायला कुणालाच आवडत नाही. चेहरा सुधारलेला असताना तो पुन्हा पणाला लावायचा म्हणजे जिवावर येतं. पण त्याशिवाय उत्तर पक्कं होत नाही. मुरूम पुन्हा वाढले तर तो पदार्थ तुमच्यासाठी कारण आहे. नाही वाढले तर सुधारणा दुसऱ्या कशामुळे होती, आणि तो पदार्थ तुम्हाला परत मिळाला. काहीच फरक नसेल तर पुढचा प्रयोग. दोन्हीत काही निघालं नाही तर आहाराचा शोध तिथेच थांबवा आणि सगळं लक्ष औषधांवर द्या.

मध्येच कुणाच्या वाढदिवसाला केक खाल्ला तर दिवस मोजायला पुन्हा शून्यापासून सुरुवात करू नका. तीन महिन्यांची सरासरी महत्त्वाची आहे.

मात्र खाण्याची भीती वाटायला लागली, लोकांसोबत जेवणं टाळू लागलात, वजन झरझर उतरलं, पाळी चुकली, एखादा घास 'चुकला' म्हणून दिवसभर स्वतःचा राग येऊ लागला, तर प्रयोग त्याच दिवशी थांबवा. आधी कुणाशी तरी बोला. खाण्याचे विकार मुरुमांच्याच वयात सुरू होतात आणि मुरूम कमी करण्याचं निमित्त त्यांना पुरतं.

१०. त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी जायचं आणि काय घेऊन जायचं

पुढच्यापैकी काही असेल तर बारा आठवडे थांबू नका: खोल दुखऱ्या गाठी, खड्डे किंवा व्रण पडायला सुरुवात, पाठ-छातीवर पसरलेले मुरूम, मुरुमांसोबत ताप किंवा सांधेदुखी, मुरुमांमुळे मन सतत उदास राहणं. व्रण एकदा पडले की आहाराने भरत नाहीत.

पाळी अनियमित, हनुवटीवर किंवा ओठांवर जाड केस, डोक्यावरचे केस विरळ होणं, मानेच्या मागे किंवा काखेत काळपट मखमली त्वचा यातलं काही दिसलं, तर पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा एक विकार) आणि इन्सुलिन प्रतिरोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती स्थिती) यांच्या तपासण्यांबद्दल स्वतःहून विचारा. अशा स्त्रियांमध्ये चौथ्या पायरीतल्या बदलांचा फायदा त्वचेपलीकडेही होतो.

जाताना न्यायचं: आठवड्यांचे फोटो, मोजणीचं पान, औषधं आणि पूरक गोळ्यांची यादी (शक्यतो डब्यांसकट), पाळीच्या तारखा, जुने रिपोर्ट. गरोदर असाल, मूल हवं असेल किंवा अंगावर पाजत असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण औषधांची निवड त्यावर ठरते. डॉक्टर म्हणाले की खाण्याचा काही संबंध नाही, तर वाद घालू नका, मोजणीचं पान पुढे करा आणि विचारा, "हे बदल मी ठेवले तर तुमच्या औषधांना काही अडचण आहे का?"